अंगठाभर जागा

सहा आठवड्यांनी अमेरिकेहून खोकं आलं.
आत हेडरच्या दोन जुड्या, चार-चार पाइपांच्या,
केळ्यांच्या फण्यांसारख्या वाकलेल्या.
डावी जुडी पहिल्या झटक्यात बसली.
उजवीकडे तिसरा पाइप
थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर जाऊन टेकला.

टेकणारच. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो.
मटाउरात आम्ही उजवीकडे,
आणि ही हिलमन तर बावन्न वर्षं
उजव्या हातानंच वळलेली.

"दांडा सरकवू," तामाती म्हणाला.
"दांडा सरकत नसतो," मी म्हणालो,
आणि मग गप्प बसलो,
कारण दांडा त्याच्या बापाचा.
गाडी त्याच्या बापाची,
भिंतीवर प्रत्येक पान्याभोवती पेन्सिलीनं काढलेली
ती बारीक, न थरथरलेली रेघही एरुएराचीच.
नऊ वर्षं मी या गॅरेजात काम करतो.
माझे पाने डब्यात असतात.

इंजिन तेवढं मी आणलं,
मागून चेपलेल्या एका कमोडोरमधलं,
आठ सिलिंडरचं, या गाडीला झेपेल त्याहून दांडगं.
घरात पाहुणा म्हणून आलं
आणि पहिल्या दिवशीच खांदे आडवे करून बसलं.

शेजारचा मर्डोक कुंपणावरून सांगून गेला:
पाइप तापवा, घण घाला, खळगा पाडा, मोकळे व्हा.
तरुणपणी मी तेच केलं असतं. केलंही.
धूर खळग्यापाशी अडखळतो
आणि चढावर गाडी म्हाताऱ्यासारखी खोकते.

तर कापला.
बागेतल्या रबरी नळीचा तुकडा चिरून
दांड्याला दोन वेढे दिले, तेवढं अंतर राहावं म्हणून.
उरलेल्या वाकांतून फोडी काढल्या,
खडूनं खुणा केल्या.
माझा हात कोपरापाशी अडकतो तिथं
तामातीचा खांद्यापर्यंत जातो.
तो आत, मी वरून बॅटरी धरून.
"थोडं अलीकडे. नाही, तुझ्या अलीकडे."
तीन ठिपके वेल्डचे, बघायचं, तोडायचं.
पुन्हा तीन ठिपके.

मध्ये मिरियामा चीज रोलची ताटली ठेवून गेली.
जाताना भिंतीकडे बघितलं तिनं,
मग आमच्या दोघांच्या काळ्या हातांकडे.
काही म्हणाली नाही. रोल गरम होते.

"चिकटून का नाही चालत?" त्यानं विचारलं,
"नुसता स्पर्शच तर आहे."
मी म्हणालो, इंजिन बसल्या जागी बसत नाही.
रेस दिलीस की रबरावर कलतं,
झोपेत कूस बदलल्यासारखं.
शिवाय पाइप लाल होतो.
सांध्यातलं ग्रीस पातळ होऊन गळून गेलं
की एखाद्या वळणावर चाक तुझं ऐकणार नाही.
जवळ राहायचं तर अंगठाभर जागा ठेवायची.
एवढं लांब मी त्याच्याशी
आजवर बोललो नव्हतो बहुतेक.

पाचव्या खेपेला वळसा जमला.
दांड्याच्या खालून शिरून पलीकडून वर,
दिसायला ओबडधोबड, पण आतून गुळगुळीत.
पूर्ण वेल्ड केला. रबर सोडलं.
मी पहारीनं इंजिन रेटून धरलं,
तो आत बसून चाक फिरवत राहिला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"टेकतंय?"
"नाही."
"आता?"
"नाही. थांब. नाही."

मग तो उतरला, वाकला,
आणि फटीत अंगठा घालून बघितला.
गेला. सहज गेला.
मी घातला. नखाशी अडकला.

वेल्ड निवताना पाइप ओढून घेतो,
हे मला माहीत होतं. विसरलो होतो.
कुणाच्या अंगठ्यानं मोजायचं
हे तर आम्ही ठरवलंच नव्हतं.
गुरुवारी इन्व्हरकार्गिलहून तपासनीस येईल,
त्याचा अंगठा केवढा, देव जाणे.

तामातीनं माझ्या हाताकडे बघितलं.
ग्राइंडरच्या वायरीची गाठ सोडवत म्हणाला,
"तुझाच धरू. मोठा आहे."